एव्हागोरस आणि अथेन्स: दोस्ती खरी होती, पण तहात सायप्रस सोडून दिलं गेलं

इ.स.पू. 387 मध्ये तिरिबाझस नावाच्या पर्शियन सुभेदाराने ग्रीक शहरांच्या वकिलांना बोलावून घेतलं, आधी त्यांना खलित्यावरचं बादशहाचं सील दाखवलं आणि मग खलिता वाचला. मजकूर छोटा होता. आशियातली ग्रीक शहरं बादशहाची, बेटांपैकी क्लाझोमेनाई आणि सायप्रस बादशहाचं, बाकीची सगळी ग्रीक शहरं लहानमोठी स्वतंत्र, फक्त लेम्नॉस, इंब्रॉस आणि स्कायरॉस ही तीन बेटं पूर्वीसारखी अथेन्सकडे, आणि ज्यांना हे मान्य नाही त्यांच्याशी मी जमिनीवर आणि समुद्रावर, जहाजांनी आणि पैशाने लढेन. अथेन्सने सही केली.

आता यात सायप्रसचं नाव वाचा आणि एव्हागोरसचा विचार करा. सायप्रसमधल्या सालामिसचा राजा, अथेन्सचा मानद नागरिक, ज्याचा पुतळा अथेन्सच्या भर चौकात उभा होता, आणि ज्याच्या मदतीला गेलेलं अथेन्सचं सैन्य त्या वेळी अजून सायप्रसमध्येच होतं किंवा जेमतेम निघायच्या तयारीत होतं. त्याचं नाव तहात कुठेच नाही. बेटाच्या नावाबरोबर तोही गेला. छोट्या राजाने मोठ्या शहराशी दोस्ती केली की त्याला नक्की काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं प्रकरण माहीत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी जागा क्लिअर करू, कारण दोन सालामिस आहेत आणि गोंधळ होतो. पर्शियनांचा आरमारी पराभव झाला ते सालामिस म्हणजे अथेन्सच्या समोरचं बेट. हे दुसरं सालामिस सायप्रसच्या पूर्व किनाऱ्यावरचं शहर, आजच्या फामागुस्ताच्या थोडं उत्तरेला. दोघांना जोडणारी एक दंतकथा होती, ट्रॉयच्या युद्धानंतर त्या सालामिसचा ट्युकर इकडे आला आणि त्याने हे शहर वसवलं, आणि एव्हागोरसचं घराणं स्वतःला त्याच ट्युकरचं वंशज म्हणवायचं. बेटावर अशी अनेक छोटी राज्यं होती, काही ग्रीक वळणाची, काही फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या व्यापारी लोकांची), आणि सगळी पर्शियाची मांडलिक. खंडणी द्यायची, बादशहाने मागितली की जहाजं द्यायची, बाकी आपल्या घरात आपण राजे.

एव्हागोरसच्या जन्माच्या आधीच त्याच्या घराण्याची गादी गेली होती. सालामिसवर फिनिशियन घराणं बसलं होतं, आणि तो तरुण असताना अब्देमोन नावाचा टायर या फिनिशियन शहरातला माणूस, बादशहाचा मित्र, तिथे सत्ता धरून होता. एव्हागोरस जीव वाचवून समोरच्या किनाऱ्यावर किलिकियातल्या सोलोईला पळाला. इ.स.पू. 411 च्या सुमारास तो परत आला तो साधारण पन्नास माणसं घेऊन. आयसोक्रेटिस या अथेन्सच्या भाषणलेखकाने हे वर्णन केलंय आणि ते स्तुतीपर भाषणातलं असलं तरी त्यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. माणूस किनाऱ्यावर उतरला की आधी मजबूत जागा बघतो, तळ ठोकतो, शहरातून कोणी आपल्या बाजूने येतंय का याची वाट बघतो, तर याने त्यातलं काहीच केलं नाही, त्याच रात्री तटाचा एक छोटा दरवाजा फोडला, माणसं आत घेतली आणि सरळ राजवाड्यावर चालून गेला. शहरातले लोक बाहेर आलेच नाहीत, एकाच्या सत्तेची भीती आणि दुसऱ्याच्या धाडसाची, म्हणून ते नुसते बघत राहिले. सकाळी राजा बदललेला होता. पुढे आयुष्यभर तो असाच वागला, आधी हल्ला आणि मग हिशोब, आणि त्याची ताकद आणि त्याची चूक दोन्ही मला यातच दिसतात.

त्या वेळी अथेन्सची हालत वाईट होती. सिसिलीत 413 मध्ये अख्खं आरमार बुडालेलं, पर्शियाचा पैसा स्पार्टाच्या खिशात जायला लागलेला, मित्रशहरं एकामागून एक फुटत होती, आणि धान्य बाहेरून आणल्याशिवाय शहराचं पोट भरत नव्हतं. सायप्रसहून धान्य येऊ शकत होतं, जहाजांसाठी लाकूड आणि तांबंही तिथे होतं. मग अथेन्सने एव्हागोरसला नागरिकत्व दिलं. त्या ठरावाचे दगडावर कोरलेले तुकडे आजही आहेत, 410 ते 407 च्या दरम्यानचे. परक्या राजाला नागरिकत्व हा मोठा मान होता आणि एव्हागोरससाठी त्याला खरी किंमत होती, कारण फिनिशियन घराणं हाकलून आलेल्या राजाला 'मी ग्रीक आहे आणि अथेन्स मला आपला मानतं' असं सांगता येणं हे गादीखालचं बळ होतं. पण शहराच्या तिजोरीतून त्यासाठी काही जात नाही, एवढं लक्षात ठेवा.

405 मध्ये आयगोस्पोटामीला अथेन्सचं उरलेलं आरमार स्पार्टाच्या लायसँडरने किनाऱ्यावर बेसावध पकडलं. कोनॉन हा एकच सेनापती सावध होता. नऊ जहाजं घेऊन तो निसटला, आणि जाता जाता समोरच्या किनाऱ्यावर उतरवून ठेवलेली लायसँडरच्या जहाजांची मोठी शिडं उचलून नेली म्हणजे पाठलाग करता येऊ नये. एक जहाज बातमी घेऊन अथेन्सला गेलं, बाकी आठ घेऊन कोनॉन कुठे गेला तर एव्हागोरसकडे. घरी परत जाणं म्हणजे मरण होतं हे उघड होतं, हरलेल्या सेनापतींना अथेन्स काय करतं हे त्याला माहीत होतं.

इथून पुढची साधारण आठ वर्षं मला या प्रकरणातली सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतात. अथेन्स हरलं, त्याच्या भिंती पाडल्या गेल्या, आणि त्याचा सगळ्यात चांगला आरमारी माणूस एका मांडलिक राजाच्या दरबारात बसून होता. एव्हागोरसला तेव्हा अथेन्सकडून काहीही मिळण्यासारखं नव्हतं. तरी त्याने कोनॉनला ठेवून घेतलं, आणि बादशहाच्या दरबारातला ग्रीक वैद्य क्टेसियास याच्यामार्फत पत्रव्यवहार चालू केला. बादशहा आर्टाझर्क्सीस दुसरा तेव्हा स्पार्टावर चिडलेला होता, स्पार्टाने त्याच्या बंडखोर भावाला मदत केली होती आणि नंतर आशियात सैन्य उतरवलं होतं. एव्हागोरस, कोनॉन आणि फार्नाबाझस हा सुभेदार यांचं गणित जुळलं. 397 मध्ये पर्शियाच्या पैशाने सायप्रसमध्ये आरमार बांधायला सुरुवात झाली आणि कोनॉन त्याचा प्रमुख झाला. काम सरळ गेलं नाही, पगार थकला म्हणून सायप्रसच्या सैनिकांनी एकदा बंडही केलं. पण 394 च्या ऑगस्टमध्ये क्निडसच्या समुद्रात या आरमाराने स्पार्टाचं आरमार संपवलं, त्यांचा सेनापती पेसांडर मारला गेला, आणि पुढच्या वर्षी कोनॉन पर्शियाचा पैसा घेऊन अथेन्सला आला आणि पाडलेल्या भिंती परत उभ्या राहिल्या.

तेव्हा अथेन्सने झ्यूसच्या मूर्तीजवळ दोन पुतळे उभे केले, कोनॉनचा आणि एव्हागोरसचा, शेजारी शेजारी. पाचशेपेक्षा जास्त वर्षांनी पौसानियस हा प्रवासी तिथे गेला तेव्हाही त्याने एव्हागोरसचा पुतळा पाहिल्याचं लिहून ठेवलंय.

माझं मत असं की ही दोस्ती दोन राज्यांमधली कधीच नव्हती, ती माणसामाणसातली होती आणि तिथे ती अगदी घट्ट होती. कोनॉनची एक बायको आणि मुलगा सायप्रसमध्ये राहायचे, तो वारलाही तिथेच, आणि त्याच्या मृत्युपत्रातून कळतं की त्याची बरीच संपत्ती तिथेच होती. त्याचा सहकारी निकोफेमस, त्याचीही बायको आणि मुलगी सायप्रसमध्ये. ही माणसं घरदार आणि बचत एव्हागोरसच्या भरवशावर ठेवून होती. शहर म्हणून अथेन्स मात्र सभेतल्या त्या दिवशीच्या मतदानावर चालायचं.

आता एव्हागोरसची चूक. क्निडसनंतर त्याला वाटलं की आता अख्खं बेट आपलं करता येईल. काही शहरं जोराने, काही समजावून, अशी त्याने घेत आणली आणि 391 च्या सुमारास अमाथस, किटियन आणि सोली (हे सायप्रसमधलं, किलिकियातलं नाही) या तिघांनी बादशहाकडे तक्रार नेली. बादशहाला सायप्रस एका हातात जायला नकोच होतं, ते बेट म्हणजे त्याच्या आरमाराचा तळ. त्याने युद्धाचा हुकूम दिला. शेजाऱ्यांना एवढं दुखावून ठेवलं नसतं तर बादशहाला आयतं कारण मिळालं नसतं, हे मला स्पष्ट दिसतं. एव्हागोरसबद्दल कितीही आपुलकी वाटली तरी हे सोडून देता येत नाही.

आणि अथेन्सची पंचाईत बघा. स्पार्टाविरुद्ध त्यांना बादशहाची गरज, आणि आता त्यांचा मानद नागरिक बादशहाशीच लढतोय. तरी 390 मध्ये त्यांनी मदत पाठवली, दहा ट्रायरीम (वल्ह्यांच्या तीन रांगांची युद्धनौका), फिलोक्रेटिसच्या हाताखाली. वाटेत ऱ्होड्सच्या बाजूला स्पार्टाचा तेलेउतियास सत्तावीस जहाजं घेऊन भेटला आणि त्याने ती दहाच्या दहा पकडली. त्या काळचा इतिहासकार झेनोफोन याने इथे थांबून लिहिलंय की दोघेही स्वतःच्या फायद्याच्या उलट वागत होते, बादशहाशी मैत्री असलेलं अथेन्स बादशहाच्या शत्रूला मदत पाठवतंय आणि बादशहाशी लढणारा स्पार्टा बादशहाच्या शत्रूसाठी निघालेली मदत मोडतोय.

ही मदत कशी उभी राहिली ते लिसियस या अथेन्समधल्या भाषणलेखकाच्या एका कोर्टातल्या भाषणात सापडतं. हे भाषण मला सगळ्या इतिहासांपेक्षा जास्त खरं वाटतं, कारण त्यात कोणाची थोरवी नाही, फक्त पैशाचा हिशोब आहे. सायप्रसचे वकील अथेन्सला आले, सभेने दहा जहाजं द्यायचं ठरवलं, पण पाठवायला पैसा नव्हता. एका ट्रायरीमवर साधारण 200 माणसं, प्रत्येकाला दिवसाला एक द्राख्मा धरला तर महिन्याला 6,000 द्राख्मा म्हणजे एक टॅलेंट, दहा जहाजांना महिन्याला दहा टॅलेंट. रिकाम्या तिजोरीला हे जड होतं. मग निकोफेमसचा मुलगा अरिस्तोफनीस (नाटककार नव्हे, दुसरा) पुढे आला. त्याने स्वतःचं घातलं, मित्रांकडून उसनं घेतलं, घरी सावत्र भावाचे 40 मिना (एक मिना म्हणजे 100 द्राख्मा) ठेवलेले होते तेही घातले, भाडोत्री शिपाई घेतले, हत्यारं घेतली.

त्याच भाषणात अजून एक माणूस येतो, डेमोस, पायरिलांपिसचा मुलगा, म्हणजे प्लेटोचा सावत्र भाऊ. सायप्रसला जाणाऱ्या एका जहाजाचा खर्च त्याच्याकडे होता. त्याच्याजवळ बादशहाने भेट दिलेला सोन्याचा पसरट पेला होता. त्याने अरिस्तोफनीसकडे निरोप पाठवला की हा पेला तारण ठेवून घे, मला 16 मिना दे, सायप्रसला पोचलो की 20 मिना देऊन सोडवून घेईन, कारण ही बादशहाची खूण आहे, ती दाखवली की तिकडे सगळीकडे पैसा आणि माल मिळतो. म्हणजे बादशहाशी लढणाऱ्या राजाला मदत करायला निघालेला माणूस बादशहाच्याच पेल्यावर कर्ज काढायला बघतोय. अरिस्तोफनीस नाही म्हणाला, पेला नको होता म्हणून नाही, त्याच्याकडे शिल्लकच नव्हतं, तो स्वतःच उधारीवर होता.

आणि या माणसाचं पुढे काय झालं? तो आणि त्याचा बाप निकोफेमस दोघांना थोड्याच काळात खटला न चालवता मारण्यात आलं. पकडल्यावर नातेवाइकांना भेटू दिलं नाही, प्रेतंही अंत्यविधीला दिली नाहीत. मालमत्ता सरकारजमा झाली, आणि ती अपेक्षेपेक्षा कमी निघाली म्हणून बायकोच्या माहेरच्यांवर पैसे लपवल्याचा आरोप, ते भाषण त्याच खटल्यातलं. मागे तीन लहान मुलं. एव्हागोरसशी अथेन्सला जोडून ठेवणारे दुवे असे शहराने स्वतःच्या हाताने तोडले, हे वाचताना मला खरंच त्रास होतो.

तरी सभेने परत एकदा मदत दिली. 388-387 मध्ये अथेन्सचा सेनापती काब्रियास 800 हलके भालाईत आणि दहा ट्रायरीम घेऊन निघाला, वाटेत आयगिना बेटावर दबा धरून स्पार्टाच्या गोर्गोपासला मारलं आणि सायप्रसला पोचला. हा माणूस कामाचा होता, त्याच्या मदतीने बेटाचा बराचसा भाग एव्हागोरसकडे आला. नेमक्या याच वेळी स्पार्टाचा वकील आणि आरमारप्रमुख अंताल्किदास बादशहाचं मन वळवून परत आला. बादशहाला स्पार्टा आवडत नव्हताच, पण आपल्या बंडखोराला जहाजं देणारं अथेन्स त्याला आता जास्त खुपत होतं. अंताल्किदासने ऐंशीच्या वर जहाजं गोळा केली आणि हेलेस्पाँट, म्हणजे आयगोस्पोटामी जिथे आहे ती सामुद्रधुनी, अडवला, काळ्या समुद्रातून अथेन्सला येणारी धान्याची गलबतं थांबली. याच मार्गावर 405 मध्ये आपलं काय झालं होतं हे शहरात प्रत्येकाला आठवत होतं, तेव्हा लोक उपासमारीने मेले होते.

म्हणून मी याला सरळ दगाबाजी म्हणणार नाही. पोटावर पाय आल्यावर कोणतंही शहर सही करेल. पण तहात लेम्नॉस, इंब्रॉस आणि स्कायरॉस वाचवायला अथेन्सला जमलं, आणि ती तिन्ही बेटं धान्याच्या वाटेवरची आहेत. सायप्रस त्या वाटेवर नव्हतं. काब्रियासला परत यावं लागलं. आयसोक्रेटिसने 380 मध्ये, युद्ध चालूच असताना, अथेन्सच्या लोकांसमोर मांडलं की एव्हागोरस तहात सोडून दिला गेलाय. निदान एका माणसाने तरी ते लिहून ठेवलं.

आता एव्हागोरस एकटा. एकटा म्हणजे अगदीच नाही, इजिप्तचा राजा अकोरिस बादशहाविरुद्ध होताच, कॅरियाचा हेकाटोम्नस बादशहाचा सुभेदार असूनही गुपचूप पैसे पाठवत होता, आणि टायर त्याने घेतलं होतं. नंतरचा इतिहासकार डायोडोरस आकडे देतो ते असे: बादशहाकडे तीन लाख सैन्य आणि 300 ट्रायरीम, एव्हागोरसकडे 90, त्यातली 20 टायरची, आणि स्वतःचे 6,000 सैनिक. तीन लाख हा आकडा मी तरी तसाच घेणार नाही, पण फरक मोठा होता यात शंका नाही. त्याने सुरुवात नेहमीसारखी केली, रसद तोडली. व्यापारी जहाजं बुडवली, काही अडवली, आणि बेटावर उतरलेल्या पर्शियन फौजेत धान्य इतकं महागलं की भाडोत्री सैनिकांनी काही अधिकाऱ्यांनाच मारलं. ग्लोस नावाच्या आरमारी अधिकाऱ्याने मुश्किलीने ते शमवलं आणि किलिकियातून धान्य आणलं. एव्हागोरसने मग इजिप्तकडून 50 जहाजं मिळवली, घरची 60 अजून सज्ज केली, 200 झाली, आणि किटियनजवळ थेट पर्शियन आरमारावर हल्ला केला. आधी जिंकला, नंतर ग्लोसने फळी सावरली आणि एव्हागोरस हरला.

सालामिसला जमिनीवरून आणि समुद्रावरून वेढा पडला. मुलगा प्नितागोरसवर शहर सोपवून तो रात्री दहा जहाजं घेऊन वेढ्यातून निसटला, इजिप्तला गेला, अकोरिसकडे पैसे मागितले, हवे तेवढे मिळाले नाहीत, आणि तो परत आला. कोनॉनसारखा कुठेतरी आसरा घेऊन राहणं त्याला शक्य होतं, पण तो वेढ्यात परतला.

मग बोलणी सुरू झाली. तोच तिरिबाझस आता पर्शियन आरमाराचा प्रमुख होता, त्याच्या अटी: बेटावरची बाकी सगळी शहरं सोडायची, फक्त सालामिसचा राजा राहायचं, दरवर्षी ठरलेली खंडणी द्यायची, आणि बादशहाचा हुकूम मालकाचा हुकूम गुलामाने मानावा तसा मानायचा. एव्हागोरस म्हणाला बाकी सगळं मान्य, शेवटचं नाही, मी हुकूम मानेन तो राजाने राजाचा मानावा तसा. तिरिबाझस हटला नाही. वेढ्यात अडकलेला, मित्र नाही, पैसा नाही, जहाजं नाहीत, आणि माणूस एका वाक्यावर अडून बसला. मला हा हट्ट नुसता मानापमानाचा वाटत नाही. गुलाम म्हणून सही केली की उद्या बादशहा त्याला काढून दुसऱ्याला बसवू शकतो, सालामिसवर त्याचा आणि त्याच्या मुलांचा हक्कच उरत नाही. राजा म्हणून सही केली तर खंडणी देऊनही गादी घराण्याची राहते.

सुटका अनपेक्षित बाजूने झाली. जमिनीवरच्या फौजेचा प्रमुख ओरोंटिस तिरिबाझसवर जळत होता, त्याने बादशहाला गुपचूप पत्र लिहिलं की हा एव्हागोरसशी आतून मिळालाय. बादशहाने तिरिबाझसला अटक करवली. पण तिरिबाझस गेल्यावर सैनिक ओरोंटिसचं ऐकेनात, वेढा ढिला पडायला लागला, आणि घाबरून ओरोंटिसने एव्हागोरसला हवं तेच कलम देऊन तह केला: राजाने राजाला द्यावा तसा मान. जवळपास दहा वर्षांचं हे युद्ध, आणि आयसोक्रेटिसच्या म्हणण्याप्रमाणे बादशहाचे त्यात 15,000 टॅलेंटपेक्षा जास्त गेले.

इ.स.पू. 374 च्या सुमारास एव्हागोरसचा खून झाला, एका षंढ नोकराच्या हातून, घरातल्या भांडणातून. ॲरिस्टॉटल कारण देतो की एव्हागोरसच्या मुलाने त्या नोकराची बायको पळवली होती. प्नितागोरसही मारला गेला. आयसोक्रेटिसने दुसरा मुलगा निकोक्लिस याच्यासाठी जे गौरवाचं भाषण लिहिलं त्यात खुनाचा एक शब्द नाही, आणि ज्याने ते लिहून घेतलं त्याच्या घरातली ती गोष्ट होती हे बघता ते समजण्यासारखं आहे.

निकोक्लिस गादीवर बसला, बादशहाने दुसरा माणूस पाठवला नाही. पुढे 332 मध्ये अलेक्झांडर टायरला वेढा घालून बसला होता तेव्हा सायप्रसच्या राजांची जहाजं त्याच्या मदतीला गेली, आणि त्यात सालामिसचा राजा होता, नाव प्नितागोरस, त्याच घराण्यातला.